प्रॅक्टिकल एका क्रेडिटचं, हमाली तीन क्रेडिटची

जर्नलग्रस्त:
प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला आठवड्याचे २ तास धरतात. ते कबूल. पण घरी गेल्यावर हेतू, सिद्धांत, कृती, आकृती, तक्ता, गणित हे सगळं सुवाच्य अक्षरात उतरवायला आणखी ४ तास जातात. कृती तर मॅन्युअलमधली जशीच्या तशी. आणि गुण कशावर? उत्तर अपेक्षित आकड्याच्या किती जवळ, यावर. गेल्या आठवड्यात परमँगनेट-ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन होतं, म्हणजे ब्युरेट नावाच्या तोटीच्या नळीतून परमँगनेट थेंबथेंब सोडायचं आणि आम्ल संपायला किती मिली लागलं ते मोजायचं. माझी रीडिंग ९.६, ९.७, ९.७ मिली. शेजाऱ्याने एकदाच केलं, आलेलं रीडिंग बाजूला ठेवलं आणि जुन्या जर्नलवरून उलट गणित मांडून १०.२ तीनदा लिहिलं. त्याला १० पैकी ९, मला ६.

ब्युरेटमास्तर:
बारा वर्षं हाच कोर्स शिकवतोय, म्हणून बोलतो. रीडिंग एकमेकांशी जुळतात आणि तरी कमी येतात, म्हणजे तिन्ही वेळा एकच चूक झाली. द्रावण ६०-७० अंशांवर होतं का? गार असेल तर सुरुवातीला अभिक्रिया रेंगाळते, गुलाबी रंग टिकल्यासारखा वाटतो (तो टिकला की आम्ल संपलं समजायचं) आणि पोरं तिथेच तोटी बंद करतात. उलट उकळवलंत तर ऑक्झॅलिक आम्लच विघटित होतं, तेव्हाही रीडिंग कमीच. हे निष्कर्षात लिहिलं असतंत तर मी ८ दिले असते. लिहिण्याचा कंटाळा आणि गुणांची तक्रार एकदम चालत नाही.

जर्नलग्रस्त:
सर, लिहिलंय. "फ्लास्क कोमट झाला होता, दोघांत एक बर्नर." पण ते रफ वहीत. जर्नलमध्ये त्याला रकानाच नाही, आणि रफ वही कुणी मागत नाही.

तेलाचा थेंब:
आकडा जुळवण्याचा रोग फक्त विद्यार्थ्यांना नसतो. भौतिकशास्त्रज्ञ मिलिकनने तेलाच्या थेंबांवरून काढलेला इलेक्ट्रॉनचा प्रभार खऱ्यापेक्षा थोडा कमी होता, कारण हवेच्या श्यानतेचा (दाटपणाचा) आकडा चुकीचा घेतला होता. फाइनमन या दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने १९७४च्या भाषणात सांगितलंय की नंतरच्यांचे आकडे एकदम बरोबर आले नाहीत, हळूहळू वर सरकले. फार वेगळं उत्तर आलं की लोक चूक शोधायचे, जवळचं आलं की तेवढं खोलात जात नसत. तिथे तर गुणही नव्हते हो!

क्यूसीवाली:
मला मास्तरांचं पटतं, निदान अर्धं. औषधांच्या गुणवत्ता चाचणीत आहे. उत्तर चुकलं तर "कारण छान लिहिलंस" म्हणून कुणी बॅच सोडत नाही. अचूकतेला गुण हवेतच. आणि आज ४ तास जड वाटतात, त्यांना नोकरीत पहिल्या महिन्यातच धक्का बसतो. मात्र आमच्याकडे फेअर कॉपी हा प्रकारच गुन्हा आहे. नोंद जागच्या जागी, शाईने. चुकली तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही-तारीख. शेजाऱ्याचं ते १०.२ आमच्याकडे सापडलं तर थेट नोकरी जाते. कॉलेजात पाच वर्षं नेमकं उलटं शिकून आले होते मी.

ब्युरेटमास्तर:
रफ वहीला गुण देऊन पाहिलेत. पुढच्या सत्रात पोरं रफ वहीसुद्धा फेअर करून आणायला लागली. एकाने तर खरी वाटावी म्हणून मुद्दाम पाणी शिंपडून आणली होती, सगळ्या पानांवर सारखंच! शिवाय ६० जर्नलं, प्रत्येकाला ५ मिनिटं धरली तरी माझेही ५ तास जातात. माझ्या क्रेडिटचं काय?

क्यूसीवाली:
मग घरी नेऊच देऊ नका. निघताना रीडिंगखाली सही करा. कृती उतरवणं बंद केलंत तर जर्नल तपासायलाही ५ मिनिटं लागणार नाहीत.

ब्युरेटमास्तर:
कृतीचं करता येईल, विभागात बोलतो. सहीचं मात्र तुम्ही एकदा येऊन बघाच. शेवटच्या दहा मिनिटांत वीसच्या वीस जण एकदम बेसिनपाशी असतात, ओल्या हातांनी.

जर्नलग्रस्त:
सर, दुसरा बर्नर मिळाला तर पंधरा मिनिटं आधी संपेल.