मेमरी लीकला ‘गळती’ म्हणावं का?

प्रश्न
ऑफिसात नव्याने आलेल्या मुलांसाठी सर्व्हर आणि डेटाबेसवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची माहिती मराठीत लिहितेय. मॉनिटरिंगला ‘देखरेख’ लिहिलं. त्यातल्याच एका देखरेखीच्या सॉफ्टवेअरची, आमच्या प्रोमिथियसची, मेमरी आठवडाभर वाढत गेली, तेव्हा सगळे म्हणाले ‘लीक आहे’. मी ‘स्मृतिगळती’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटलं, आजोबांच्या विसराळूपणाबद्दल आहे. दुसरं काही सुचतंय?

प्रतिसाद
स्मृती सोडा, मेमरीच ठेवा. पण मला ‘गळती’ही खटकते. टाकी गळली की पाणी टाकीबाहेर जातं. इथे मेमरी मशीनमध्येच असते. प्रोग्रामने घेतलेली, वापरात नसलेली आणि परत न केलेली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आणि गाडीत चढायचंच नाही, तसला प्रकार. ‘मेमरी अडकली’ म्हणा.

प्रतिसाद
रुमाल आवडला! पण ‘गळती’ रुळलीय आता, शाळागळती चालते तर हीपण चालेल. माझा आक्षेप वेगळाच आहे. प्रोमिथियसची मेमरी वाढली की बहुतेक वेळा ती गळतही नसते आणि अडकलेलीही नसते, फुगलेली असते. ताज्या दोनेक तासांच्या नोंदी तो मेमरीत ठेवतो, मग डिस्कवर उतरवतो. मेमरी किती लागेल हे मुख्यतः किती वेगवेगळ्या मालिका (एकेका मोजमापाच्या वेळोवेळच्या नोंदी) चालू आहेत त्यावर ठरतं, आणि लेबलांची (नोंद कुठली, कसली हे सांगणाऱ्या चिठ्ठ्यांची) प्रत्येक नवी जोडणी म्हणजे नवी मालिका. ५ सर्व्हर, २० वेबपत्ते, ४ प्रकारची उत्तरं: ४०० मालिका. त्यात कोणी हौसेने ग्राहक क्रमांकाचं लेबल लावलं आणि ग्राहक १०,००० असले, तर हिशेब ४० लाखांपर्यंत जाऊ शकतो. कार्डिनॅलिटी म्हणतात ती हीच, मालिकांची संख्या. आमच्याकडे तिचं नाव ‘पिलावळ’. “पिलावळ वाढलीय, लेबल काढ” म्हटलं की नव्या मुलालाही कळतं.

मूळ प्रश्नकर्ती
पिलावळ घेतली! लेबलं तपासते. आता लिनक्सच्या ‘फ्री’ आणि ‘अव्हेलेबल’चं काय? मी दोन्हीकडे ‘मोकळी’ लिहिलंय.

प्रतिसाद
तिथे गोंधळ होईल. फ्री म्हणजे ‘रिकामी’, अव्हेलेबल म्हणजे ‘मिळू शकेल ती’. लिनक्स रिकाम्या मेमरीत फायलींचा कॅश (पुन्हा पटकन वाचता यावं म्हणून हाताशी ठेवलेली प्रत) ठेवतो आणि गरज पडली की त्यातला बराचसा सोडतो. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवलीय, कोणी आलं की मांडीवर घेऊ. सीट रिकामी नाही, पण मिळण्यासारखी आहे. देखरेखीचा अलार्म ‘रिकामी’वर लावला तर रोज रात्री उगाच उठावं लागतं. (मी उठलोय. बायकोही.)

प्रतिसाद
पोस्टग्रेस डेटाबेससाठी ‘सामायिक’ हा शब्द विसरू नका. शेअर्ड बफर्स (त्याच्या सगळ्या प्रोसेस मिळून वापरतात ती मेमरी) मुळात १२८ एमबी असतात, वेगळ्या डेटाबेस सर्व्हरवर मेमरीच्या २५ टक्क्यांपासून सुरुवात करतात. टॉप या लिनक्सच्या कमांडमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या ‘रेस’ (प्रत्यक्ष वापरातली मेमरी) रकान्यात तिने हात लावलेला सामायिक भागही धरला जातो. त्या आकड्यांची बेरीज करणं म्हणजे चार भावांच्या सामायिक विहिरीला चार विहिरी मोजणं.

मूळ प्रश्नकर्ती
ही बेरीज मी गेल्याच महिन्यात साहेबांना पाठवली होती. दुरुस्तीची मेल टाकते.