ड्रायरच्या दाराचं सील: आधी तापमान मोजा

भाऊ, तुमच्या राईस मिलच्या ड्रायरच्या दाराचं काळं रबर दर हंगामात कडक होऊन तडकतं असं तुम्ही विचारलंय, आणि त्यावर सगळे एकसुरात 'सिलिकॉन रबर टाका' म्हणतायत. टाका, पण आधी दाराच्या चौकटीजवळ थर्मामीटर लावून पाहा. हवा शंभर अंशांच्या आतच असेल तर चांगलं ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) पुरतं, आणि स्वस्तही पडतं. साधं सिलिकॉन दोनशे अंशांपर्यंत सतत चालतं. तेवढी आच भात वाळवायला लागतच नाही. हां, हवेच्या भट्टीजवळचा डक्टचा (गरम हवेच्या नळाचा) जोड वेगळा. तिथं सिलिकॉनच.

भात उकडायच्या टाकीच्या झाकणाला मात्र जपून. दाबाच्या वाफेत सिलिकॉन हळूहळू खराब होतं, हे दुकानदार सांगत नाही. आणि बॉयलरच्या भट्टीच्या दाराला कोणतंच रबर नको, सिरॅमिक दोरीच लागते.

आमच्याकडे भंडाऱ्यात एकदा 'सिलिकॉन' म्हणून आणलेली पट्टी महिन्यात चिकट झाली. तेव्हापासून मी नवीन पट्टीचा तुकडा जाळूनच पाहतो. सिलिकॉन असेल तर पांढरी राख उरते. काळा धूर अन् काजळी दिसली की माल परत.

फोम घेतला तर बंद छिद्रांचाच घ्या, नाहीतर कोंडा अन् ओल आत शिरते. दार लागल्यावर तो जाडीच्या पाव ते तिसरा हिस्सा दबावा. पार चेपला तर पुन्हा फुगत नाही. सिलिकॉनची पट्टी चिकटवायला साधं रबर सोल्युशन धरत नाही, सिलिकॉन सीलंटच वापरा.