एम.ए.च्या अभ्याससाहित्याची ई-रीडरवर मांडणी कशी करावी?

भीमाकाठ:
नमस्कार. मी इतिहास विषयात एम.ए. करत असून पहिले सत्र नुकतेच सुरू झाले आहे. प्राध्यापकांनी दिलेली टिपणे, नियतकालिकांतील लेख, मराठी संदर्भग्रंथांची स्कॅन केलेली प्रकरणे आणि जुन्या गॅझेटियरचे खंड असे बरेच साहित्य पीडीएफ स्वरूपात साठले आहे. मोबाइलवर सतत वाचून डोळ्यांवर ताण येतो, म्हणून सहा इंची किंडल घेतले. परंतु त्यात सगळ्या फाइली एकाच यादीत दिसतात, ए-फोर पानांवरील अक्षर फार बारीक होते आणि काही मराठी पीडीएफचे रूपांतर केले असता निरर्थक चिन्हे उमटतात. पुढे शोधप्रकल्प लिहायचा असल्याने आतापासूनच नीट व्यवस्था लावावी असे वाटते. कृपया मार्गदर्शन करावे.

संदर्भकक्ष:
मांडणी संगणकावर करावी आणि किंडलवर केवळ चालू सत्राचे वाचन ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोविद गोयल यांनी २००६ साली सुरू केलेली कॅलिबर ही विनामूल्य प्रणाली यासाठी उत्तम आहे. प्रत्येक फाइलला लेखक, शीर्षक आणि वर्ष यांची नोंद द्या, पेपरचे नाव टॅग म्हणून लावा आणि शीर्षकाच्या आरंभी पेपर व घटक यांचे क्रमांक लिहा. क्रमांक ०१, ०२ असे दोन अंकी ठेवावेत, अन्यथा यादीत १ च्या पाठोपाठ १० येण्याचा संभव असतो. किंडलवर प्रत्येक पेपरचे एक कलेक्शन (फाइलींचा गट) करावे. कलेक्शनच्या आत दुसरे कलेक्शन करता येत नाही, म्हणूनच घटकाचा क्रमांक शीर्षकात हवा. मात्र एकच फाइल दोन कलेक्शनमध्ये ठेवता येते, आणि दोन पेपरांना सामाईक असलेल्या ग्रंथांसाठी ही सोय फार उपयोगी आहे.

नाणेघाट:
अक्षर बारीक का होते, हे आकड्यांतून पाहिले की उपायही सुचतो. ए-फोर पानाची रुंदी सुमारे ८.३ इंच असते, तर सहा इंची पडदा उभा धरल्यास जेमतेम ३.६ इंच रुंद असतो. त्यामुळे १२ पॉइंटचे अक्षर ५ पॉइंटएवढे दिसते. पडदा आडवा केल्यास ते ७ पॉइंटपर्यंत जाते. त्याआधी ब्रिससारख्या साधनाने पानाचे कोरे समास कापले, तर तेच अक्षर ९ पॉइंटच्या आसपास येते आणि निवांत वाचता येते. दोन रकान्यांत छापलेल्या लेखांसाठी केटूपीडीएफऑप्ट वापरावे, कारण ते रकाने वेगळे करून मजकूर एकाखाली एक लावते.

गॅझेटियरचे स्कॅन मात्र अखंड चढवू नयेत. पुणे जिल्ह्याचा १८८५ सालचा १८वा खंडच तीन भागांत आहे, आणि अशा जड फाइलींची पाने ई-रीडरवर फार सावकाश उलटतात. हवे ते प्रकरण वेगळे काढून तेवढेच पाठवावे. नकाशे व तक्ते संगणकावरच पाहावेत.

अक्षरजुळणी:
निरर्थक चिन्हे उमटतात, त्या पीडीएफ बहुधा युनिकोडपूर्व (म्हणजे सर्व लिपींसाठीची सामाईक संकेतप्रणाली रूढ होण्यापूर्वीच्या) फाँटमध्ये जुळवलेल्या असाव्यात. अशा फाँटमध्ये देवनागरीचे आकार इतर अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसवलेले असतात. पान डोळ्यांना मराठी दिसते, पण रूपांतर करणाऱ्या प्रणालीच्या हाती ती इतर अक्षरेच लागतात. या फाइलींचे रूपांतर न करता त्या समास कापून पीडीएफ म्हणूनच वाचाव्यात. एखादे प्रकरण वारंवार लागणारच असेल, तर टेसरॅक्ट या प्रणालीच्या मराठी ओसीआरने (पानाच्या चित्रातील अक्षरे ओळखण्याच्या सोयीने) मजकूर काढून त्याचे ईपब (अक्षराचा आकार बदलता येणारे ई-पुस्तक) करता येते. मात्र जोडाक्षरे आणि अंक मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये. १ आणि ९ यांची गल्लत झाली, तर १८१८ चे १८९८ होते, आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती चूक परवडणारी नाही.

भीमाकाठ:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरते: ईपबमधून वाचलेल्या मजकुराची तळटीप देताना पृष्ठक्रमांक कोठून घ्यावा?

संदर्भकक्ष:
तो मूळ पीडीएफमधूनच घ्यावा. रूपांतरित फाइलीत अक्षराच्या आकाराप्रमाणे मजकूर सरकत राहतो, त्यामुळे किंडल दाखवते तो स्थानक्रमांक तळटीपेत चालत नाही. पीडीएफमध्येही पडद्यावरचा क्रमांक आणि पानावर छापलेला क्रमांक यांत प्रस्तावनेच्या पानांमुळे अंतर पडते. छापील क्रमांकच ग्राह्य धरावा. आपण अधोरेखित केलेला मजकूर किंडलमधील माय क्लिपिंग्ज या फाइलीत साठतो. ती दर आठवड्याला संगणकावर उतरवून घ्या आणि प्रत्येक उताऱ्यापुढे छापील पृष्ठक्रमांक तेव्हाच लिहून ठेवा. शोधप्रकल्पाच्या शेवटच्या टप्प्यात शेकडो उताऱ्यांची पाने शोधत बसणे अतिशय कष्टाचे असते.