शुगर बीचजवळ लेक ओंटारिओसमोरचा काँडो (फ्लॅट) घ्यावा का? (टोरोंटो)

वारणाकाठ:
नमस्कार मंडळी. सहा वर्षं मिसिसागात भाड्याने राहतोय, दोघांचंही ऑफिस युनियन स्टेशनपाशी, रोज गो ट्रेनने ये-जा. आता पीआर (इथे कायमचं राहायचा परवाना) झालंय म्हणून घराचं मनावर घेतलंय. गेल्या रविवारी क्वीन्स कीला शुगर बीचजवळ एक रीसेल (आधीच्या मालकाकडून घ्यायचा) काँडो बघितला, एक बेडरूम आणि डेन (जास्तीची छोटी खोली), नववा मजला, समोर अख्खा लेक. बाल्कनीचं दार उघडलं आणि शेजारच्या रेडपाथ साखर कारखान्याचा वास आत आला, काकवी उकळताना येतो ना अगदी तसा. आमचं गाव वारणेकाठी, हंगामात हाच वास घरभर असायचा, बायकोच्या डोळ्यात पाणीच आलं. तेव्हापासून दुसरी जागा डोळ्यात भरतच नाही. मेंटेनन्स महिना ७४० डॉलर, लॉकर आहे, पार्किंग नाही. उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिने येणारेत, ते डेनमध्ये झोपतील असं धरलंय. एजंट म्हणतो कुठलीही कंडिशन (अट) न घालता ऑफर टाका नाहीतर हातची जाईल. काय करू?

स्कार्बरोची_माई:
दादा, कंडिशन काढू नका म्हणजे नकाच. स्टेटस सर्टिफिकेट, म्हणजे बिल्डिंगच्या पैशांची आणि कारभाराची माहिती देणारा तिथल्या सोसायटीचा कागद, वकिलाने वाचल्याशिवाय सही करायची नाही. १०० डॉलरच्या वर फी घेता येत नाही आणि मागणी करून पैसे भरले की १० दिवसांत द्यावंच लागतं, तेवढं थांबायला काय हरकत आहे? बिल्डरकडून नवीन घेतलं तर १० दिवसांत मन बदलता येतं, रीसेलला ती सोय नाही, एकदा सही झाली की झाली.
सर्टिफिकेटमध्ये रिझर्व्ह फंड (मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेला पैसा) किती आहे ते बघा, बिल्डिंगवर कोर्टात केस आहे का, मेंटेनन्स वाढवायचं ठरलंय का. रिझर्व्ह फंडाचा अभ्यास दर तीन वर्षांनी नव्याने करावा लागतो, शेवटचा कधी झाला तेही विचारा. हे कळकळीने सांगतेय कारण आम्ही घाईत घेतला होता (लेकवर नाही, दुसरीकडे) आणि राहायला गेल्यावर आठ महिन्यांत पार्किंगच्या स्लॅबमधून पाणी गळतंय म्हणून प्रत्येक घराला ११ हजार डॉलरचं स्पेशल असेसमेंट (मेंटेनन्सच्या वरची जादा वर्गणी) आलं. फंडात पैसेच नव्हते. मुलीच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेले पैसे मोडले, अजून ते जागेवर आले नाहीत.

क्वीन्सकी_पूर्व:
मी तुमच्या त्या जागेपासून दोन बिल्डिंग सोडून राहतो, चौथं वर्ष. जागा सुंदर आहे यात वादच नाही. कच्च्या साखरेचं जहाज धक्क्याला लागलं की मुलगा खिडकीतून हलत नाही, आणि उन्हाळ्यात बीचवरच्या गुलाबी छत्र्यांखाली डबा घेऊन बसलं की संध्याकाळ कशी गेली कळत नाही.
पण जानेवारीत एकदा बघून या. स्ट्रीटकार (ट्राम) बे स्ट्रीटच्या पश्चिमेला धावते, आपल्या बाजूला बसच, आणि युनियनला चालत वीसेक मिनिटं, गार्डिनर हायवेच्या पुलाखालून, लेकवरून येणारा वारा हाडात शिरतो. आई-बाबांना ते झेपणार नाही. त्यातून डेनला खिडकी नसते, सहा महिने म्हाताऱ्या माणसांना तिथे कसं ठेवणार? बेडरूम त्यांना द्या, डेन तुम्ही घ्या. आणखी एक, शेगडीवरचा पंखा धूर बाहेर टाकतो की जाळीतून फिरवून परत घरातच सोडतो ते चालू करून बघा. आमच्याकडे दुसरा प्रकार आहे, एकदा सुक्या मिरच्यांची फोडणी दिली आणि अलार्म वाजला, शेजारची आजी घाबरून बाहेर आली. आता तांबडा रस्सा करायचा तर आधी बाल्कनीचं दार उघडतो, मग गॅस, म्हणजे काचेची शेगडी.

डोंबिवली_टू_टीओ:
एक पैशाची गोष्ट कोणी बोललं नाही. टोरोंटोत लँड ट्रान्सफर टॅक्स (घर घेताना भरायचा कर) दोनदा लागतो, प्रांताचा वेगळा, शहराचा वेगळा. पहिलं घर असेल तर प्रांत ४,००० पर्यंत सोडतो आणि शहर ४,४७५ पर्यंत, पण पहिलं म्हणजे जगात कुठेही पहिलं! गावाकडच्या घरावर किंवा पुण्यातल्या फ्लॅटवर वडिलांनी तुमचं नाव लावलं असेल तर वकिलाला आधीच सांगा, आपल्याकडे हे फार जणांचं असतं आणि लक्षातच राहत नाही.

वारणाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. माई, तुमचं वाचून पोटात गोळा आला, एजंटला आत्ताच कळवलं की सर्टिफिकेट आल्याशिवाय ऑफर नाही. आणि डोंबिवलीकर, सांगलीच्या फ्लॅटवर माझं नाव आहे बाबांबरोबर, २०१४ पासून. हिशोबात ती सूट धरूनच बसलो होतो, आता सगळं परत मांडायला लागणार. शनिवारी पुन्हा जागा बघायला जातोय, शेगडीवरचा पंखा चालू करून बघतो आणि आईला व्हिडिओ कॉलवर बेडरूम दाखवतो.