आईचं जेवण साधं, घरचंच, तरी वर्षभर पोट साफ होत नाही. मदत हवी आहे

पारिजातक_ठाणे

नमस्कार मंडळी,

आईबद्दल विचारायचं आहे. वय ६४. ती आणि बाबा मिरजेजवळ गावी असतात, मी ठाण्यात. साधारण वर्षभर तिला बद्धकोष्ठाचा त्रास आहे. तीन-तीन, कधी चार दिवस शौचाला होत नाही. होते तेव्हा खडे, खूप कुंथावं लागतं, आणि उठल्यावरही पोट मोकळं झाल्यासारखं वाटत नाही. दिवाळीत इथे आली होती तेव्हा सकाळी बराच वेळ आत बसून घामाघूम होऊन बाहेर यायची. "काही नाही गं, वयच झालं" म्हणून विषय बंद करते. मला ते बघवलं नाही.

बाहेरचं ती काहीच खात नाही. तिखट, तळकट हल्ली बंदच. म्हणून नातेवाईक म्हणतात, इतकं साधं खाणाऱ्या बाईला हा त्रास कसा? मलाही तेच कळत नाहीये. रोजचं खाणं असं:

सकाळी चहा आणि तीन-चार टोस्ट. नंतर थोडे पोहे, नाहीतर उपमा. दुपारी मऊ भात, पातळ वरण, बटाट्याची किंवा दुधीची भाजी चमचाभर, दही. चारला चहा आणि खारी. रात्री मुगाच्या डाळीची खिचडी किंवा दहीभात. सोमवार आणि चतुर्थीला उपास, त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, रात्री वरणभात. फळात केळं, तेही रोज नाही.

अधूनमधून एखाद्या दिवशी एकदम पातळ होतं. मग "पोट बिघडलं" म्हणून दोन दिवस नुसता दहीभात, आणि पुन्हा तेच चक्र.

काय बदलायला हवं? आणि तपासण्या करायला हव्यात का? कृपया अनुभवी लोकांनी सांगावं.

गोदाकाठ

आमच्या घरी दर रविवारी एरंडेल ठरलेलं असायचं. आजीने कोणाला सोडलं नाही. आईंना रात्री कोमट दुधात एक चमचा देऊन बघा. नाहीतर इसबगोल आहेच.

दवाखाना_सातारा

मी साताऱ्यात जनरल प्रॅक्टिस करते. एरंडेलावर जाण्याआधी दोन-तीन गोष्टी बघायला हव्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, त्यांना अधूनमधून होणारं पातळ. चार दिवस काही नाही आणि मग एकदम पाण्यासारखं, हे ऐकलं की आम्हाला जुलाबापेक्षा वेगळी शंका येते. गुदद्वाराच्या वर घट्ट खडा अडकून बसलेला असतो आणि वरचा पातळ मळ त्याच्या बाजूने पाझरतो. घरच्यांना वाटतं जुलाब लागले. मग जुलाब थांबवायची गोळी दिली जाते, खाणं आणखी मऊ केलं जातं, आणि खडा आणखी घट्ट होतो. हे आहे की नाही ते डॉक्टरांनी पोट आणि गुदद्वार तपासलं की लगेच समजतं. असेल तर आधी तो मोकळा करावा लागतो. आत खडा असताना वरून चोथा (अन्नातला न पचणारा तंतुमय भाग, फायबर) वाढवला तर पोट फुगतं, दुखतं आणि माणूस सगळंच सोडून देतो.

दुसरी, वय. पन्नाशीनंतर शौचाची सवय नव्याने बदलली आणि बदललेलीच राहिली, तर कारण खाण्यात दिसत असलं तरी एकदा तपासून घ्यायचंच. शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग, यातलं काहीही असेल तर थांबू नका. दुर्बिणीची तपासणी कधी लागते, कधी नाही, ते डॉक्टर ठरवतील. रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि कॅल्शियम एवढं तरी बघून घ्या. थायरॉइड मंदावलं की आतडंही मंदावतं, आणि या वयाच्या बायकांमध्ये ते सहज निसटतं.

तिसरी, गोळ्या. कोणत्या चालू आहेत? लोह, कॅल्शियम, ॲसिडिटीची ॲल्युमिनियमवाली औषधं, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, सगळ्यांनी मळ घट्ट होऊ शकतो. स्वतःहून बंद करू नका, फक्त यादी करा.

रानजाई

मी आहारतज्ज्ञ आहे, नाशिकला. डॉक्टर म्हणाल्या ते आधी करा. मी फक्त ताटाबद्दल बोलते.

तुम्ही लिहिलेल्या दिवसातला चोथा मी ढोबळ मोजला. टोस्ट आणि खारी मैद्याची. पोहे, भात, खिचडी म्हणजे तिन्ही वेळा तांदूळच. वरण पातळ, भाजी चमचाभर. सगळं मिळून १२ ग्रॅमच्या आसपास भरतं, उपासाच्या दिवशी त्याहून कमी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नाचे तक्ते काढले. त्यात १०० ग्रॅमला पांढऱ्या तांदळात चोथा २.८ ग्रॅम, मैद्यातही तेवढाच. कणकेत ११ च्या वर, ज्वारीत १० च्या वर. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात चोथा नावालाच.

आईंना त्रास होतोय कारण त्यांनी खाल्लेलं जवळजवळ सगळं वरच्या आतड्यातच पचून शोषलं जातं. मोठ्या आतड्यापर्यंत फारसं काही पोचतच नाही. तिथे आकारमान नसलं की आतड्याची भिंत ताणली जात नाही, पुढे ढकलायचा जोर येत नाही, आणि जो थोडा मळ आहे तो तिथेच पडून राहतो. मोठ्या आतड्याचं काम पाणी शोषायचं, ते ते करत राहतं. चार दिवसांनी जे उरतं ते खडे. पचायला सोपं म्हणून आपण आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना जे देतो, ते रोजचंच झालं की असं होतं. मी हे आठवड्यातून अनेकदा बघते आणि प्रत्येक वेळी घरचे म्हणतात, "पण त्या काही वावगं खात नाहीत."

आता मला एक सांगा. मिरजेकडच्या घरात दुपारच्या ताटात भाकरी नाही, हे कधीपासून?

पारिजातक_ठाणे

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी.

आईशी आत्ताच बोलले. भाकरी गेल्या वर्षी बंद झाली. दात काढून कवळी बसवली, तेव्हापासून. खालची कवळी हलते, हिरडीला टोचते. त्याआधी दुपारी आणि रात्री एकेक ज्वारीची भाकरी असायचीच, सोबत पालेभाजी नाहीतर उसळ, कांदा, कच्ची काकडी. हे सगळं एकदमच सुटलं आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही. आम्हाला वाटलं, वयाप्रमाणे हलकं खातेय, चांगलंच आहे.

गोळ्या: लोह आणि कॅल्शियम, हिमोग्लोबिन कमी आलं होतं म्हणून. रक्तदाबाची एक. गुडघे दुखतात म्हणून अधूनमधून वेदनाशामक, नाव विचारून सांगते. शौचातून रक्त नाही म्हणते. लोहाची गोळी सुरू झाल्यापासून काळपट होते.

आणखी एक कळलं. संध्याकाळी पाचनंतर ती पाणी पीतच नाही. रात्री उठावं लागेल म्हणून. संडास मागच्या अंगणात आहे, तीन पायऱ्या उतरून, आणि गुडघे साथ देत नाहीत.

दवाखाना_सातारा

लोहाने शौच काळपट होते, त्यात घाबरण्यासारखं नाही. डांबरासारखी काळी, चिकट आणि घाण वासाची असेल तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

या वयात हिमोग्लोबिन कमी का झालं, ते कोणी शोधलं होतं का? की नुसती गोळी लिहून दिली? पाळी बंद झाल्यानंतरच्या बाईला लोहाची कमतरता असेल तर रक्त कुठे आतून जातंय का, हे बघावंच लागतं. हा मुद्दा डॉक्टरांसमोर स्वतःहून काढा. माझ्या मते तुमच्या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

खडा असेल तर तो मोकळा करायला डॉक्टर लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल देतील. ही औषधं आतड्यात पाणी धरून ठेवतात, डॉक्टर सांगतील तितके दिवस बिनधास्त घ्यावीत. दुकानातल्या बऱ्याच चूर्णांमध्ये सोनामुखी असते. ती आतड्याला चाबकासारखी हाकते. अडीअडचणीला ठीक, पण आपल्या मनाने रोज नको. एरंडेलाचंही तेच.

इसबगोलाबद्दल: नेहमी मोठा ग्लासभर पाण्यात, वरून आणखी पाणी, आणि झोपायच्या अगदी तोंडावर नाही. बाकी गोळ्यांपासून दोन तास लांब. संध्याकाळी पाणीच न पिणाऱ्या माणसाला रात्री इसबगोल दिलं तर ते घशात किंवा आतड्यात फुगून अडकू शकतं. त्यामुळे आईंना द्यायचं तर सकाळी, आणि आधी तपासणी झाल्यावरच.

रानजाई

मग हिशेब सरळ आहे. दोन भाकऱ्यांचं पीठ १०० ग्रॅम धरलं तर दहा ग्रॅम चोथा त्या भाकऱ्यांतूनच मिळत होता. त्यांच्या जागी तेवढाच तांदूळ आला, म्हणजे तीन ग्रॅमही नाहीत. त्यावर पालेभाजी, उसळ, काकडी गेली ती वेगळीच. वर लोह आणि कॅल्शियम आलं. या सगळ्याचा हिशेब एका वर्षात चुकता झालाय.

म्हणून पहिला खर्च कवळी नीट बसवून घेण्यावर करा. दाताच्या डॉक्टरांकडे परत नेऊन खालची कवळी घासून किंवा आतून नवा थर देऊन घेता येते. हिरडी आक्रसत जाते, त्यामुळे पहिल्या वर्षात ती सैल होणं नेहमीचंच आहे. लोक ती डबीत ठेवून देतात आणि मऊ भातावर येतात.

तोवर चावावं लागणार नाही असं, पण चोथा असलेलं खाणं:

ज्वारीची भाकरी गरम असतानाच आमटीत नाहीतर ताकात कुस्करून ठेवा, पाच-दहा मिनिटांत मुरते. तुमच्याकडे हुलग्याचं माडगं करतात ना? ते उत्तम. नाचणीची आंबील. सालीच्या मुगाचं कढण, डाळीचं नव्हे, साल हवीच. चाकवत, अंबाडी, माठ, अळू, जी मिळेल ती पालेभाजी ताकात किंवा डाळीत घोटून, चमचाभर नाही तर मोठी वाटी. तांबडा भोपळा, शिजवून कुस्करलेलं रताळं. उपम्याला बारीक रव्याऐवजी दलिया, मऊ शिजवून. पपई रोज. रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका किंवा दोन सुकी अंजिरं सकाळी कुस्करून, त्यांच्या पाण्यासकट.

टोस्ट-खारी मात्र बंद करा. पोटही भरतं आणि भूकही मारतं, मिळत काही नाही.

सगळं एकदम सुरू करू नका. आठवड्याला एखादी गोष्ट वाढवा, नाहीतर गॅस धरेल आणि आई म्हणतील, "बघ, मला भाकरी पचतच नाही." पाणी दिवसाउजेडी जास्त: उठल्यावर दोन पेले, अकराच्या सुमारास ताक, जेवणानंतर थोडं, चारला चहाआधी एक पेला. चोथा वाढवला आणि पाणी तेवढंच ठेवलं तर घट्टपणा वाढू शकतो.

अंगणवेल

माझ्या सासूबाईंचं असंच होतं, म्हणून दोन गोष्टी सांगते.

आमच्याकडे नळाला पाणी सकाळी सहाला येतं. बाई चहा पिऊन पाणी भरायला उभी राहायची, नेमकी तेव्हाच घाई व्हायची आणि ती दाबून ठेवायची. मग पूजा, मग स्वयंपाक. डॉक्टरांनी सांगितलं, चहा-नाश्ता पोटात गेल्यावर आतडं आपसूक हलतं, दिवसातली सगळ्यात चांगली वेळ तीच. ती रोज दवडली की हळूहळू घाईच होईनाशी होते. आम्ही पाणी भरायचं काम मुलाकडे दिलं.

दुसरं, गुडघ्यांमुळे कमोड बसवला, पण त्यावर पाय लोंबकळत राहायचे आणि जोर लागायचा नाही. पायाखाली जेवायला बसायचा लाकडी पाट ठेवला, गुडघे कमरेपेक्षा वर येतील इतका उंच. फरक पडला. तुमच्या आईंसाठी घरातच कमोडची खुर्ची ठेवता आली तर रात्री पाणी प्यायची भीतीही जाईल.

पारिजातक_ठाणे

पाण्याचं तर आमच्याकडेही अगदी असंच आहे! बाबांना सांगितलं, सकाळचं पाणी आता ते भरतील.

शनिवारी मी मिरजेला जातेय. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, हिमोग्लोबिनचे जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं सोबत नेते. सोमवारी दातांचे डॉक्टर.

एकच अडचण. उपास ती सोडणार नाही, आणि मीही तिला तसं सांगणार नाही. चातुर्मासात तर एकादशीही असते. त्या दिवसांचं काय करू?

रानजाई

उपास करू देत. फक्त साबुदाण्याला पर्याय द्या. राजगिऱ्याचं पीठ ताकात शिजवून, दाण्याचं कूट घालून. भगर आणि दाण्याची आमटी, भगर साबुदाण्यापेक्षा बरी. रताळ्याचा कीस, किंवा नुसतं उकडलेलं रताळं दुधात कुस्करून. उपासाला काकडी चालत असेल तर किसून, दही घालून. पपई आणि भिजवलेल्या मनुका त्या दिवशीही. साबुदाणा खावासा वाटला तर वाटीभर, पण दिवसाचं एकमेव खाणं तो नको. आणि उपास सोडताना रात्री वरणभाताबरोबर घोटलेल्या पालेभाजीची वाटी असू द्या.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते इथे लिहा. तपासणीत खडा सापडला असेल तर मी दिलेलं खाणं तो मोकळा होईपर्यंत थांबवा, मग भाकरीपासून सुरुवात करू.