०.३५७ हवाई रायफल: दुप्पट किमतीचे स्लग साध्या छर्‍यांपुढे का हरतात?

क्यूसी_इचलकरंजी

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवळणाचा आहे, पण टेक्सासमधले दोन-तीन हवाई रायफलवाले इथे आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारतो.

सॅन अँटोनियोच्या उत्तरेला एका म्हातार्‍या रँचवाल्याकडे मी सात-आठ वर्षं जातो. त्याच्या पंपाचा एक शाफ्ट आमच्या मशीन शॉपमधून करून दिला होता, तेव्हापासूनची ओळख. त्याच्या ओटच्या शेतात रानडुकरं घुसतात आणि रात्रीतून रान असं उकरतात, की सकाळी बघणार्‍याला वाटावं कुणीतरी दारू पिऊन नांगर फिरवलाय. पण लगतच लेकीचं घर आणि तिचे घोडे. रात्री काडतुसाचे बार नकोत, असं तिनं स्पष्ट सांगितलंय. म्हणून गेल्या दिवाळीत मोठ्या बोअरची हवाई रायफल घेतली. ०.३५७ बोअर (नळीचा आतला व्यास, इंचांत), टाकी ३,००० पीएसआय दाबापर्यंत भरायची, दर बाराला दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर नाही, नळीत १६ इंचांत एक पीळ (गोळी फिरत जावी म्हणून आतल्या तिरक्या चरांचा एक पूर्ण फेरा).

आता मुद्दा. दोन प्रकारचं शिसं घेतलं. एक जेएसबी कंपनीचे ८१ ग्रेनचे (साधारण सव्वापाच ग्रॅम) छर्रे, आपले नेहमीचेच, मधे कमर आणि मागे घेर असलेले. दुसरे १४५ ग्रेनचे स्लग, म्हणजे सरळ पिस्तुलाच्या गोळीसारखे, नाकाला खळगा. किंमत छर्‍यांच्या दुप्पट.

५० यार्ड, बाकावर वाळूच्या पिशव्या, पुढे वेग मोजणारा क्रोनोग्राफ, वारा जवळपास नाही. टाकी गच्च भरून आधी पाच छर्रे, लगेच पाच स्लग. वेग फूट प्रति सेकंद:

छर्रे: ८९८, ९०४, ९०३, ८९७, ८९१
स्लग: ७४१, ७२२, ७०३, ६७९, ६५४

छर्‍यांची पाचही भोकं एका इंचात. स्लगचा पसारा पावणेतीन इंच उंच आणि जेमतेम पाऊण इंच रुंद. पुढच्या शनिवारी तसंच सगळं परत केलं, निकाल तोच. भोकं मात्र गोल आहेत, एकही आडवं गेलेलं नाही. अजून एक गोष्ट: स्लग अंगठ्यानं आत ढकलताना शेवटी कचकन अडतो, आणि मग नळीच्या मागच्या तोंडाशी शिशाची बारीक चंद्रकोर सोललेली सापडते. छर्रा लोण्यासारखा जातो.

माझा अंदाज असा, की या नळीचा पीळ स्लगला पुरत नाही. नळी बदलायची का? की स्लगचा नाद सोडून छर्‍यांनीच डुकराच्या कानामागे मारायचं? जाणकारांनी सांगावं.

उद्यमनगरी

नळीला हात लावू नका!

मी ह्यूस्टनला असतो. वडिलांची उद्यमनगरात फाउंड्री होती, त्यामुळे शिसं वितळवायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. गेली नऊ वर्षं माझे स्लग मीच ओततो. बोलतो ते माज म्हणून नाही, भाजलेल्या बोटांच्या जोरावर.

पिळाचं आधी निकाली काढू. किती पीळ पुरतो त्यासाठी ग्रीनहिलचा जुना हिशोब आहे: १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले गोळीची लांबी, सगळं इंचांत. तुमचा स्लग ०.६ इंच लांब धरला तर उत्तर येतं ३२. म्हणजे ३२ इंचांत एक फेरा मिळाला तरी तो सरळ जाईल, तुमची नळी १६ इंचांतच देतेय. शिवाय पीळ कमी पडला असता तर स्लग गटांगळ्या खात गेला असता आणि कागदावर लांबोळकी भोकं दिसली असती. तुम्हीच लिहिताय, भोकं गोल आहेत.

मग गडबड कुठे? पसारा उभा आहे, आडवा नाही. नळी किंवा मापाचा घोळ असता तर भोकं चारी दिशांना पांगली असती. उभी रांग म्हणजे वेगाचा फरक. तुमचा पहिला स्लग ७४१ला आणि शेवटचा ६५४ला. ५० यार्डांवर एवढ्या फरकानं गोळी सव्वादोन इंच खाली येते, कागदावर करून बघा. उरलेला अर्धा इंच हा त्या रायफलीचा आणि तुमच्या खांद्याचा.

आणि वेग का पडला? अहो क्यूसीसाहेब, दोन्ही शनिवारी तुम्ही छर्रे भरल्या टाकीवर मारले आणि स्लग त्यांच्या उष्ट्या हवेवर! पाच छर्‍यांनंतर दाबाच्या गेजवर किती होतं ते लिहिलंच नाहीत. मी सांगतो, २,३००-२,४०० असणार. वजनदार स्लग नळीत जास्त वेळ रेंगाळतो, त्याला शेवटपर्यंत मागून रेटा लागतो. हलका छर्रा कधीच बाहेर पडलेला असतो. तुमच्याच आकड्यांत पहिला छर्रा ८९८ आणि दुसरा ९०४ आहे. कारण टाकी गच्च असताना आतली हवा व्हॉल्व्हला दाबून धरते, हातोडा त्याला पुरता उघडू शकत नाही. जरा दाब उतरला की वेग चढतो, थोडा वेळ टिकतो, मग घसरतो. रेग्युलेटर नसलेल्या प्रत्येक रायफलीची अशी एक टेकडी असते. छर्रे टेकडीच्या माथ्यावर बसले, स्लग उतारावरून गडगडले.

आता चंद्रकोर. ती मात्र खरी तक्रार आहे. ०.३५७ मॅग्नमच्या काडतुसात ३५,००० पीएसआयपर्यंत दाब होतो, त्या धक्क्यानं गोळीचा बुडखा फुगतो आणि नळी भरून टाकतो. आपल्याकडे ३,०००. इथे काही फुगत नाही. माप आधीच बरोबर लागतं, आणि शिसं मऊ लागतं. नळीचं माप काढा: शुद्ध शिशाचा थोडा जाड गोळा तेल लावून लाकडी दांड्यानं नळीतून हळूहळू ठोकत पार करा, मग मायक्रोमीटर लावा. स्लग नळीपेक्षा अर्धा हजारांश इंच मोठा चालतो, दीड हजारांश झाला की सोलतो. सोललेला स्लग एका बाजूनं हलका होतो आणि सोललेलं शिसं नळीत चिकटतं ते वेगळंच.

चाचणी परत करा, पण उलटी. भरल्या टाकीवर आधी स्लग, मग छर्रे. प्रत्येक बारानंतर गेज लिहा. आणि मागे मातीचा चांगला बांध हवा. छर्रा त्याच्या घेरामुळे हवेत लवकर दमतो, स्लग दमत नाही, फार लांब जातो.

एक सूचना प्रत्येक धाग्यात देतो, इथेही: टाकीच्या सीलला फक्त सिलिकॉनचं ग्रीस. मशीन ऑइलचा थेंब ३,००० पीएसआयच्या हवेत गेला तर डिझेल इंजिनासारखा भडकू शकतो.

पाटणचा_शेतकरी

वाचतोय, अर्धं कळतंय. एक भाबडी शंका. जत्रेत फुगे फोडतात त्या जातीच्या बंदुकीनं रानडुक्कर मरतं? आणि मरत असेल तर आमच्याकडे पण मिळेल का? यंदा भुईमूग डुकरांनीच काढला, आम्ही फक्त पाला गोळा केला.

उद्यमनगरी

दादा, मरतं. ऑस्ट्रियाच्या फौजेनं १७८०च्या सुमारास हवेच्या रायफली वापरल्या, जिरार्डोनी म्हणतात त्यांना. दस्ता हीच हवेची टाकी, आणि एका दमात वीसेक गोळ्या. ल्युईस आणि क्लार्क हे अमेरिकन शोधप्रवासी १८०४ साली मिसुरी नदीवरून पश्चिमेकडे निघाले तेव्हा तसलीच एक त्यांच्यासोबत होती. वाटेत भेटणार्‍या आदिवासी टोळ्यांना ती उडवून दाखवायचे. धूर नाही, दारू नाही, आणि बार संपत नाहीत, बघणारे चाट पडायचे.

पण आपल्याकडे नाही. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा बोअर किंवा २० जूलपेक्षा जास्त जोर असेल तर हवेच्या बंदुकीलाही परवाना लागतो. साहेबांचा छर्रासुद्धा दोनशे जूलच्या घरात जातो. आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे रानडुक्कर परवानगीशिवाय मारता येत नाही. पिकाचा पंचनामा लगेच करून घ्या आणि वन विभागाकडे भरपाईचा अर्ज टाका. अर्जाबरोबर शेताचे फोटो जोडा, पावलं दिसतील असे.

पाटणचा_शेतकरी

अर्ज टाकलाय. गेल्या वर्षीचा पण तिथेच आहे.

क्यूसी_इचलकरंजी

दोन आठवड्यांनी परत आलोय, आणि आधी कबुली. मी क्यूसीत (मालाच्या तपासणीत) दिवसभर पोरांना सांगत असतो, मोजताना एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि घरच्या कामात सलग दोन शनिवार हा घोळ. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "हे तुमच्या ऑडिटरला कळवू का?"

उलटी चाचणी केली. गच्च टाकीवर तीन स्लग, परत भरून परत तीन:

८०९, ८०३, ७९७
८०६, ८०४, ७९५

सहा भोकं सव्वा इंचात. मग टाकी २,३५० पर्यंत उतरू दिली आणि छर्रे मारले: ८४६, ८२९, ८११, ७९०. तेच लाडके छर्रे, आता पावणेदोन इंचांची उभी रांग. हसूच आलं.

नंतर ७५ यार्डांवर गेलो. डावीकडून वारा होता, फार नाही, मेस्किटची पानं हलत होती इतपत. छर्रे दोन इंच उजवीकडे सरकले, स्लग अर्ध्या इंचाच्या आसपास. इथे मात्र पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

दांड्यानं शिसं पार करून नळीचं माप घेतलं: ०.३५६५. डब्यावर ०.३५७ लिहिलेले स्लग दहा मोजले, आठ ०.३५८ भरले. चंद्रकोरीचं कोडं सुटलं. माझ्या टेबलावर असा माल आला असता तर परत पाठवला असता. इथे डबा फोडलेला, परत कोण घेतो?

आता दोन शंका. एक, पुढेमागे याच रायफलीनं हरीण मारायचं झालं तर चालेल का? दुसरी, नाकाला खळगा असलेला स्लग डुकराला बरा की सपाट नाकाचा?

उद्यमनगरी

आकडे छान आलेत. हरणाचा हिशोब गोळीच्या जोरावर, तो फूट-पाउंडात काढतात: वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. तुमचे १४५ ग्रेन ८०३ला म्हणजे २०८ फूट-पाउंड. टेक्सासचा नियम असा की बोअर किमान ०.३०, आणि १५० ग्रेनची गोळी किमान ८०० फुटांनी, नाहीतर कुठलंही वजन-वेग मिळून २१५ फूट-पाउंड. थोडक्यात हुकलात. १६० ग्रेनचा स्लग ७९०नं जरी निघाला तरी २२२ होतात. छर्रे १४६वर थांबतात, त्यांचा विषयच नाही. डुक्कर गेममध्ये (नियमांखालच्या शिकारीच्या जनावरांत) धरत नाहीत, त्याला ही अट लागू नाही. २०१९पासून खाजगी जमिनीवर मालकाची संमती असली की डुकराला शिकारीचा परवानाही लागत नाही.

पण अट नाही म्हणून छर्‍यानं खांद्यावर मारू नका. मोठ्या नराच्या खांद्यावर जाड, चिवट ढाल असते. कातडी सोलताना सुरी अडते तिथे. एकदा मी ८१ ग्रेनचा छर्रा त्या ढालीतून चपटा होऊन निघालेला पाहिलाय. जनावर दुसर्‍याच्या गोळीनं पडलं होतं, छर्रा कुणाचा आणि कधीचा, देव जाणे. किती दिवस तो घेऊन फिरलं असेल, या विचारानं त्या दिवशी जेवण गेलं नाही.

खळग्याबद्दल: मी दुधाच्या गॅलनच्या कॅनमध्ये पाणी भरून ओळीनं मांडले. माझ्या रायफलीतून खळग्याचा स्लग फुलासारखा उमलला आणि दुसर्‍या कॅनमध्ये थांबला. सपाट नाकाचा चौथ्यातून बाहेर पडून मागच्या फळीत रुतला. आपल्या वेगाला जनावर धक्क्यानं पडत नाही, आरपार भोकानं आणि रक्तानं पडतं. डुकराला सपाट नाक. खळग्याचे स्लग कोल्ह्या-रॅकूनसाठी ठेवा.

आणि ५० यार्डांवर शून्य केलेत (नेम तिथे जुळवलात) तर १००ला चौदा-पंधरा इंच खाली लागेल. अंदाजानं अंतर धरू नका, रेंजफाइंडर घ्या. मी स्वतः ६०च्या पुढे मारत नाही.

क्यूसी_इचलकरंजी

ठरलं. १६० ग्रेनचा, सपाट नाकाचा, ०.३५७ माप टाकणारा साचा मागवतो, सगळे डबे मोजत बसण्यापेक्षा ते बरं. शेवटचं विचारतो: शिसं कुठलं? आमच्या गल्लीतला टायरवाला चाकाची जुनी वजनं बादलीभर फुकट देतोय.

उद्यमनगरी

ती नको. त्यात अँटिमनी असते, कडक होतं, तुमच्या नळीत परत कचकन अडेल. हल्ली तर बरीच जस्ताची असतात. प्लंबरकडचा जुना शिशाचा पत्रा मिळाला तर बघा. नखानं ओरखडा उठला पाहिजे, नाही उठला तर घेऊ नका. ३२७ अंशांना वितळतं, वास येत नाही म्हणून फसू नका, उघड्यावरच करा. आणि भांड्याजवळ पाण्याची बाटली ठेवायची नाही. एक थेंब आत गेला की सगळं शिसं तोंडावर उडतं. माझ्या डाव्या मनगटावर अजून तीन ठिपके आहेत, उद्यमनगरातले.