पहिला पेपर न्यू फायटोलॉजिस्ट या वनस्पतिशास्त्राच्या जर्नलला पाठवू का? नवीन लोकांना तिथे खरंच काही मदत मिळते का?

सड्यावरचा
नमस्कार मंडळी. पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे, विषय कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावरचं (उघड्या कातळाच्या पठारावरचं) ट्रायपोगॉन गवत. उन्हाळ्यात हे पार वाळून काड्या होतं, बोटात धरलं तर चुरा, आणि पाऊस पडला की तीच पानं परत हिरवी. पाणी तोडल्यापासून परत देईपर्यंतचा क्लोरोफिल फ्लुरोसन्सचा (पानातून परत येणाऱ्या मंद उजेडावरून प्रकाशसंश्लेषण मोजायचं) आणि पानातल्या पाण्याचा डेटा आहे आमच्याकडे, दोन पावसाळ्यांचा. मला न्यू फायटोलॉजिस्टला पाठवायचंय, सर म्हणतात एवढी उडी कशाला, पैसे भरून लवकर छापणारं एखादं बघ. त्या जर्नलच्या साइटवर अर्ली करिअरवाल्यांसाठी टान्सली मेडल हा पुरस्कार आणि काय काय दिसतं. राज्य विद्यापीठातल्या आमच्यासारख्यांना, जिथे फ्लुरोमीटर एकच आणि त्यालाही रांग, त्याचा काही उपयोग आहे का नुसती शोभा? आणि एपीसीचे, म्हणजे पेपर छापायच्या शुल्काचे, पैसे कुठून आणायचे?

परदेशी_पोस्टडॉक
आधी पैशाचं. ते जर्नल हायब्रिड आहे, म्हणजे ओपन अ‍ॅक्सेस (म्हणजे पेपर सगळ्यांना फुकट वाचायला खुला) घेतलं तरच एपीसी, नाहीतर नेहमीच्या सबस्क्रिप्शन मार्गाने छापायला लेखकाला पैसे पडत नाहीत. लोकांना वाचता यावं म्हणून प्रीप्रिंट (छापण्याआधीचा मसुदा) बायोआर्काइव्ह या साइटवर टाकून दे. एपीसी माफीच्या भरवशावर मात्र राहू नकोस, रिसर्च४लाइफ योजनेच्या यादीत भारत नाही, त्यामुळे गरीब देशांना मिळणारी सूट आपल्याला लागू होत नाही. हे फार लोकांना पेपर अ‍ॅक्सेप्ट झाल्यावर कळतं आणि मग धावाधाव.

दुसरं म्हणजे जर्नलचा मालक कोण ते बघ. छापतं वायली, पण मालकी न्यू फायटोलॉजिस्ट फाउंडेशन या ना-नफा संस्थेची, म्हणून मिळकतीतला भाग परिषदा आणि तरुण संशोधकांच्या बैठकांवर जातो. १९०२ साली आर्थर टान्सलीने हे सुरू केलं तेव्हा तो स्वतःच तिशीचा होता, वनस्पतीवाल्यांना आपसात झटपट चर्चा करायला जागा हवी म्हणून. इकोसिस्टम हा शब्द १९३५ मध्ये छापून आणणारा टान्सली तो हाच.

मेडलसाठी पीएचडीनंतर साधारण पाच वर्षांपर्यंतच्या लोकांना अर्ज करता येतो, विद्यार्थ्यांनाही, आणि बाळंतपण वगैरेची गॅप त्या वर्षांत धरत नाहीत. आधी सीव्ही, स्वतःबद्दलचं निवेदन आणि शिफारसपत्र, मग शॉर्टलिस्ट झालेल्यांना आपल्या विषयावर छोटा रिव्ह्यू, म्हणजे आढावा लेख, लिहायला सांगतात. माझ्या मते खरी कमाई तो रिव्ह्यू आहे, मेडल एकाला मिळतं.

जुना_बॉटनीवाला
मेडलचं फार कौतुक नको. शिफारसपत्र मागितलं की मोठ्या लॅबचा मुलगा दोन पावलं पुढेच उभा असतो, हे कुणी बोलत नाही. चौथ्या वर्षाला असलेल्याने त्या नादी लागूच नये.

त्यापेक्षा रिव्ह्यू करायला, म्हणजे दुसऱ्याचा पेपर छापण्याआधी तपासायला, शीक. सरांकडे पेपर रिव्ह्यूला आला की आपण लिहायचं आणि सही सरांची, हे वर्षानुवर्षं चालत आलंय. पुष्कळ जर्नलं आता सहरिव्ह्यूअरचं नाव नोंदवू देतात, पण सरांनी संपादकाला आधी विचारलं पाहिजे, मागाहून नाही. आणि लिहायची आवड असेल तर द प्लांट सेल आणि प्लांट फिजिऑलॉजी ही जर्नलं बघ, दोन्ही अमेरिकन सोसायटी ऑफ प्लांट बायोलॉजिस्ट्सची. ते तरुण संशोधकांना असिस्टंट फीचर्स एडिटर म्हणून घेतात, काम काय तर स्वीकारलेल्या पेपरवर सोप्या भाषेत छोटं टिपण लिहायचं. दुसऱ्याचा पेपर पाचशे शब्दांत सांगायला बसलं की आपल्या पेपरात कुठे पाल्हाळ आहे ते आपोआप दिसतं.

पानफुटी
तुझा प्रश्न मेडलचा नाहीच रे, स्कोपचा आहे, म्हणजे पेपर केवढ्या मोठ्या प्रश्नाला हात घालतो त्याचा. "कोकणातल्या सड्यावरच्या ट्रायपोगॉनमध्ये अमुक बदल आढळले" असं पहिलं वाक्य असेल तर रिव्ह्यूअरपर्यंत न जाता परत येईल, कारण संपादक विचारणार, बरं मग? त्यांना प्रश्न हवा. हे गवत वाळताना क्लोरोफिल टिकवतं का टाकून देतं? वाळून गेल्यावर परत पाणी दिलं की आधी काय सुरू होतं, प्रकाशाची यंत्रणा का कार्बन पकडणं? तुझा डेटा यातल्या एकाचं तरी उत्तर देत असेल तर अ‍ॅबस्ट्रॅक्ट तिथून सुरू कर, सडा तिसऱ्या वाक्यात येऊ दे. नुसता फ्लुरोसन्स असेल तर अवघड आहे, गॅस एक्सचेंज (पान किती कार्बन डायऑक्साइड घेतं ते) नाहीतर पिगमेंटचे (पानातल्या रंगद्रव्यांचे) आकडे जोडायला लागतील.

आणि सरांना सांग की २०२२ च्या यूजीसी नियमांनंतर थीसिस जमा करायला पेपर सक्तीचा राहिलेला नाही. विद्यापीठाचा आपला वेगळा नियम असेल तर तो तपासून घे, पण नुसत्या घाईपायी पैसे भरून कुठेतरी टाकायची गरज नाही.

सड्यावरचा
पिगमेंटचे आकडे आहेत, पुरवणीत टाकणार होतो 😅 ते वर आणतो. जर्नलं वाचायची अडचण तशी आता राहिली नाही, २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन या सरकारी योजनेमध्ये आमचं विद्यापीठ आलंय, पण त्यातूनच एपीसीही भरतात असं डिपार्टमेंटमध्ये अर्ध्या लोकांना वाटतं.

परदेशी_पोस्टडॉक
मुख्यतः वाचायसाठी आहे ती योजना. पेपर पाठवायच्या आधी लायब्ररीला लेखी विचार, तोंडी उत्तरावर जाऊ नकोस.

जुना_बॉटनीवाला
एक राहिलंच. हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) नमुना जमा केलायस ना? ट्रायपोगॉनच्या जाती एकमेकींसारख्या दिसतात, ओळख कुणी पटवली आणि व्हाउचर नंबर (त्या नमुन्याचा नोंदणी क्रमांक) काय हे मेथड्समध्ये नसेल तर सगळा डेटा हवेत. जमा केला नसेल तर फुलोऱ्यासकट गोळा कर, नुसत्या वाळक्या पानांवरून कुणी नाव देणार नाही.